कवळीबाईंचं कौतुक

दवाखान्यात त्यांना सगळे कवळीबाई म्हणत. कवळ्या करणाऱ्या बाई, म्हणून कवळीबाई. या नावाचा त्यांना कधी राग आला नाही, उलट फोनवर कोणी "कवळीबाई आहेत का?" असं विचारलं की त्या "बोलतेय" म्हणून खणखणीत उत्तर द्यायच्या. राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. आणि त्या रागाची पंचाईत अशी, की तो कोणापुढे मांडायला गेलं तर ऐकणारा उलट विचारायचा, "अहो, मग यात वाईट काय आहे?"

दाताचा दवाखाना दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत खुर्ची, वरून वाकलेला दिवा आणि मोठ्या मॅडम. मागच्या लांबट खोलीत कवळीबाई. तिथे खिडकीखाली कामाचं टेबल, मेण वितळवायचा छोटासा बर्नर, प्लास्टरची पोती, घासायचं यंत्र आणि भिंतीला लागून सपाट खणांची कपाटं. एकेका खणात रंगाप्रमाणे लावलेले दात. पांढरे, पिवळट, अधिक पिवळट, चहा पिऊन पिऊन झालेले असावेत असे. मॅडम पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन मागे पाठवायच्या. कवळीबाई त्यात प्लास्टर ओतायच्या, की बिनदाताचा जबडा टेबलावर हजर. मग मेणाची कड, त्या कडेत एकेक दात. दात बसवताना त्या श्वास रोखून धरत. संध्याकाळपर्यंत भुवयांवर प्लास्टर बसून सत्तेचाळीस वर्षांच्या बाई साठीच्या दिसू लागत, आणि निघताना तोंड धुतलं की पुन्हा सत्तेचाळीसच्या होत.

एकोणीस वर्षं हे चाललं होतं. त्याआधी दोन वर्षांचा कोर्स झाला होता, त्यात त्या दुसऱ्या आल्या होत्या. कोर्सची पुस्तकं घरी कपड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर होती, आणि बाई ती अधूनमधून काढून वाचायच्या. वाचायच्या म्हणजे खरोखर वाचायच्या, धूळ झटकायला काढायच्या नाहीत.

मोठ्या मॅडम वाईट बाई होत्या असं कोणी म्हणू नये. कवळीबाईंनीही कधी म्हटलं नाही. मॅडमनी कधी आवाज चढवला नाही. सासूबाईंच्या आजारपणात तीन आठवडे सुट्टी दिली, तीही तोंड वाकडं न करता. फक्त त्या कौतुक करायच्या.

"आमच्या बाई विशेष शिकलेल्या नाहीत हं," त्या नव्या पेशंटला सांगायच्या, "पण हात बघा!"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा बाईंना वाटलं, मॅडम विसरल्या असतील. त्या म्हणाल्या, "मॅडम, माझा दोन वर्षांचा कोर्स झालाय."

"हो हो, तो कोर्स," मॅडम हसून म्हणाल्या. "तरीसुद्धा!"

त्या 'तरीसुद्धा'चं काय करायचं हे बाईंना त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढे एकोणीस वर्षं कळलं नाही. नवीन साडी नेसून गेल्या तर मॅडम म्हणायच्या, "अय्या, ओळखलंच नाही! आज किती नीटनेटक्या दिसताय!" मुलगी बोर्डात चमकली तेव्हा मॅडमनी पेनाचा सेट दिला आणि म्हणाल्या, "कुठून आलं हो हे डोकं? कमाल आहे पोरीची!" एखादी अवघड कवळी पहिल्या फटक्यात बसली की, "बघा, मी म्हटलं होतं ना, बाईंना कमी लेखू नका!" आता बाईंना कमी लेखत होतं कोण? खोलीत मॅडम, पेशंट आणि स्वतः बाई, एवढीच तर माणसं होती.

आणि बाई काय करायच्या? हसायच्या. तोंड आपलं आपणच हसायचं. टोचायचं ते नंतर, बसस्टॉपवर उभं राहिल्यावर. नव्या कवळीचं असंच असतं. दवाखान्यात पेशंट म्हणतो "झकास", आणि घरी जाऊन दुसरा घास चावला की डोळ्यांत पाणी येतं. बसमध्ये बसून त्या खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात उत्तरं जुळवायच्या. एकाहून एक फर्मास उत्तरं. पण उत्तर द्यायचं कशाला? समोरच्याने तर हार घातलाय. गळ्यातला हार काढून त्याच्याच तोंडावर मारणारी बाई लोकांना कशी दिसेल?

नवरा बस डेपोत वेळापत्रकं लावायचा. तो म्हणायचा, "अगं, कौतुक केलं ना तिने? आमचे साहेब आम्हाला सरळ गाढव म्हणतात."

"ते बरं."

"त्यात काय बरं?"

"गाढव म्हणाले की काय म्हणाले ते कळतं तरी. तुम्ही मनात चार शिव्या देऊन मोकळे होता. मी कोणाला देऊ?"

"तू ना, फार खोलात जातेस," नवरा म्हणाला आणि पेपर उघडला.

एकदा रविवारी त्यानेच स्वयंपाक केला. बाईंनी भाजीचा पहिला घास घेतला आणि त्या मनापासून म्हणाल्या, "वा! तुमच्या मानाने फारच छान झालीय."

नवऱ्याने चमचा खाली ठेवला आणि हसू लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "बघ! बघ! आता मी मनाला लावून घेऊ? चार दिवस तोंड फुगवून बसू?"

बाईंना घास गिळवेना. आपल्या तोंडून ते इतकं सहज निघालं होतं की आधी ऐकूच आलं नव्हतं. म्हणजे मॅडमनाही ऐकू येत नसेल का? या विचाराने राग कमी व्हायला हवा होता. तो झाला नाही, उलट त्याला बसायला जागाच उरली नाही. आणि नवऱ्याला मात्र जन्माचं उदाहरण मिळालं. त्यानंतर विषय निघाला की तो एवढंच म्हणायचा, "माझी भाजी आठव."

अशात एक दिवस निवेदिकाबाई आल्या. तीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचलेल्या, आता बाहत्तरच्या. दात सगळे गेलेले. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी त्या पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायच्या, आणि ते काम दातांअभावी सहा महिने अडलेलं. कवळी तयार झाली, दिसायला सुरेख झाली, तिने चावताही येऊ लागलं. पण तोंड उघडलं की 'स'ला शिटी वाजायची, आणि 'चमचा' म्हटलं की काहीतरी चिखलात पाय पडल्यासारखा आवाज यायचा.

"सवय होईल," मॅडम म्हणाल्या. "महिनाभर वाचत राहा."

"मला सवय नकोय," निवेदिकाबाई म्हणाल्या. "मला 'च' हवाय. 'चंद्र'मधला येतो. 'चोर'मधला येत नाही. 'जास्त' येत नाही. 'माझं' येत नाही, 'तुझं' येत नाही. एवढंही म्हणता येत नसेल तर वाचायचं काय? व्याकरण?"

मॅडमनी दोन वेळा पुढचे दात घासून पाहिले. शिटी उलट बारीक आणि सुरेल झाली. तिसऱ्या खेपेला त्या मागच्या खोलीच्या दारात आल्या. "बाई, बघा बरं तुमचा काही हात चालतो का."

कवळीबाई पुढे आल्या. त्यांनी निवेदिकाबाईंना वीस-पंचवीस शब्द म्हणायला लावले आणि डोळे मिटून ऐकले. मग कवळी काढून घेतली, कोरडी केली, टाळूच्या बाजूवर अगदी पातळ पांढरी पूड भुरभुरवली आणि परत बसवली. "आता एकदाच म्हणा, 'चोर'. दुसरं काही बोलू नका. गिळूही नका."

"चोर," निवेदिकाबाई म्हणाल्या, आणि बाईंनी लगेच कवळी काढली. जिथे जीभ टेकली होती तिथली पूड पुसली गेली होती. पुसलेला पट्टा असायला हवा त्याच्या मागे होता, आणि एका बाजूला फाटल्यासारखा. पुढच्या दातांमागे टाळू जाड राहिली होती. जिभेला तिथे पोचताच येत नव्हतं, म्हणून ती मागेच कुठेतरी टेकून मोकळी होत होती. बाईंनी पुन्हा पूड टाकली आणि 'स' म्हणायला लावला. मग 'झाड'. मग मागे जाऊन दाढीच्या पात्याच्या जाडीएवढी टाळू खरवडली, मधोमध किंचित मेण चढवलं, परत आणलं. असं सात वेळा झालं. दुपारचे डबे तसेच राहिले. आठव्या वेळी निवेदिकाबाई म्हणाल्या, "चोराने चांदीचा चमचा चोरला, माझा नाही, तुझा," आणि ते खोलीत असं लख्ख उमटलं की बाहेर काउंटरवर बसणाऱ्या बाईने मान वर करून पाहिलं.

निवेदिकाबाईंचे डोळे भरून आले. बाईंचेही आले असते, पण तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "पाहिलंत? थिअरीचं ओझं नसलं ना, की डोकं असं मोकळं चालतं!"

निवेदिकाबाईंचं लक्ष नव्हतं. त्या आरशात बघून "माझं, तुझं, माझं, तुझं" करत बसल्या होत्या. बाई मागच्या खोलीत गेल्या आणि हातातली पुडीची डबी त्यांनी टेबलावर इतक्या जोरात ठेवली की झाकण उडून सगळ्या खोलीत पांढरा ढग झाला. मग तो झाडावाही त्यांनाच लागला.

ही पुडीची रीत त्यांच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होती, आकृतीसकट. कोर्सला असताना त्यांनी ती एकमेकींच्या तोंडात करून पाहिली होती.

दोन महिन्यांनी दंतवैद्यांच्या मंडळाची सभा होती आणि मॅडमना बोलायला बोलावलं होतं. विषय अर्थातच निवेदिकाबाईंचा 'च'. "तुम्हीही चला," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला स्टेजवर बोलावणार आहे मी. लोकांना कळू दे, माझ्याकडे काय हिरा आहे."

बाईंनी आदल्या रात्री चार वाक्यं तयार केली. मुलीसमोर म्हणून दाखवली. मुलगी म्हणाली, "आई, हळू बोल आणि खाली बघू नकोस." बाईंना वाटलं होतं, तिथे सगळे जाणकार असतील. तिथे तरी गोष्ट नीट सांगितली जाईल.

सभागृहात दीडशे माणसं. पडद्यावर कवळीचं मोठं चित्र, त्यावर पुसलेल्या पुडीचा पट्टा. मॅडम छान बोलत होत्या. त्यांना बोलायची हातोटी होतीच. मग त्या म्हणाल्या, "आणि आता तुम्हाला सांगते, ही युक्ती माझी नाही. ही आमच्या बाईंची घरगुती युक्ती! कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. आपण पदव्या घेऊन बसतो, आणि मागच्या खोलीत एक साधी बाई, शास्त्राची एक ओळ न वाचता, निव्वळ उपजत शहाणपणावर… या, या बाई, लाजू नका!"

टाळ्या पडल्या. बाई स्टेजवर गेल्या. पुढच्या रांगेतले एक वयस्कर डॉक्टर उठून म्हणाले, "माफ करा, पण ही पद्धत पुस्तकात आहे. बरीच जुनी आहे."

बाई मनात म्हणाल्या, आता.

मॅडम गोड हसल्या. "बघा! म्हणजे पुस्तकवाल्यांना जे लिहावं लागलं, ते यांनी न वाचताच शोधून काढलं!"

पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा जास्त. मॅडमनी माइक बाईंच्या हातात दिला. चार वाक्यांतलं एकही बाईंना आठवेना. त्या म्हणाल्या, "मी वाचलं होतं."

सभागृह हसलं. प्रेमाने हसलं. कोणीतरी मागून "वा!" म्हणालं. बाईंनी पुन्हा म्हटलं, "नाही, खरंच. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे, मी वाचलं होतं." आता हसणं आणखी वाढलं, लोकांना वाटलं, बाई विनोदी आहेत. मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक परत घेतला. "किती विनय!" त्या म्हणाल्या.

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. नवऱ्याने विचारलं, "काय झालं? बोलू दिलं नाही का?"

"दिलं. बोलले."

"मग?"

"लोक हसले."

"वाईट हसले?"

"नाही हो! चांगलं हसले! टाळ्या वाजवल्या!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारच्यांनी रेडिओ बारीक केला. नवऱ्याने भाजीचं उदाहरण ओठांवर आणलं होतं. पण बाईंच्या तोंडाकडे बघून ते गिळलं. मुलगी उठली, कपाटाच्या वरच्या फळीवरून पुस्तक काढलं आणि आईच्या पर्समध्ये ठेवलं. "उद्या दाखव," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट यायच्या आधी बाई पुढच्या खोलीत गेल्या. पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं. आकृती, खाली तीन परिच्छेद, समासात त्यांच्याच कोवळ्या अक्षरातल्या टिपा.

मॅडमनी चष्मा लावून पाहिलं. "अरे वा! अजून जपून ठेवलंय तुम्ही? माझी तर केव्हाच रद्दीत गेली. हौस आहे हो तुम्हाला!"

"हौस नाही, मॅडम. हे माझं शिक्षण आहे."

"मग मी कुठे नाही म्हणते?"

"काल म्हणालात. दीडशे लोकांसमोर. एक ओळ वाचलेली नाही म्हणालात."

"अहो, ते बोलण्याच्या ओघात! त्याने तुमचंच मोठेपण वाढलं ना? शिकून कोणीही करेल." मॅडमनी चष्मा काढला. "किती हळव्या हो तुम्ही. कलावंत माणसं अशीच असतात."

झालं. म्हणजे रागावल्या तर हळव्या, गप्प बसल्या तर विनयी, पुस्तक दाखवलं तर हौशी. ज्या दारातून जावं ते दार फुलांनी बुजवलेलं.

"मॅडम, मी कलावंत नाही. मी शिकलेली कामगार बाई आहे. माझं काम चुकलं तर चुकलं म्हणा. वाटलं तर टाका माझ्यासमोर कचऱ्यात. पण ही असली स्तुती बंद करा. तुम्ही मला बिनडोक म्हणता आणि वर मी आभार मानायचे, हे एकोणीस वर्षं झालं. आता माझ्याच्याने होत नाही."

मॅडमचा चेहरा पडला. खरोखर पडला, त्यात नाटक नव्हतं. "एकोणीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "मी तुमच्याशी एक वाकडा शब्द बोलले नाहीये."

ते अक्षरशः खरं होतं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या मागे गेल्या.

नंतरचे दोन महिने फार वाईट गेले. मॅडम बोलेनाशाच झाल्या. ठसा यायचा तो मॅडमच्या मदतनीस बाईंच्या हातून. मदतनीस बाई ठसा ठेवून उभ्या राहायच्या आणि पुटपुटायच्या, "एवढं कोण बोलतं आपल्याबद्दल? पचत नाही तुम्हाला." काउंटरवरची बाई चहाला बोलवायची बंद झाली. दवाखानाभर बातमी अशी, की मॅडमनी स्टेजवर नेऊन मान दिला आणि कवळीबाई त्यांच्यावरच उलटल्या. बाईंना हे खोडून काढता येईना, कारण घडलं तर तेच होतं. एकदा त्यांनी मदतनीस बाईंना सभेत काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, शब्द न् शब्द. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "मग? हिराच म्हणाल्या ना?"

त्या दिवसांत निवेदिकाबाई एका सकाळी परत आल्या. पुढच्या खोलीत न थांबता सरळ मागे येऊन कामाच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. "खालची कवळी टोचतेय. डावीकडे. मी आठ पानं वाचली की जिभेला फोड येतो. तुमचं काहीतरी चुकलंय."

बाईंनी कवळी दिव्याखाली धरली, अंगठा फिरवला. आतल्या बाजूला एक बारीक कड राहिली होती, घासायला चुकलेली. "हो," त्या म्हणाल्या. "चुकलंय माझं. बसा."

घासताना त्यांच्या लक्षात आलं की आपले खांदे खाली आलेत. कित्येक दिवस ते कानांपर्यंत चढलेले होते. निवेदिकाबाईंनी कवळी बसवून एक पानभर वाचून पाहिलं, मध्ये एकदा थांबवून "अजून थोडं" म्हणाल्या, पुन्हा वाचलं, मान हलवली. मग पर्स उचलता उचलता म्हणाल्या, "तुम्ही इथेच का बसता हो, या मागच्या खोलीत? मला तुमच्याकडे यायला दुसऱ्याच्या खुर्चीसमोरून यावं लागतं."

हे वाक्य बाईंनी बसमध्ये बसून उलटंपालटं करून पाहिलं. त्यात कुठे काटा आहे का ते शोधलं. नव्हता. नुसता प्रश्न होता.

पुढच्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. कोर्समधल्या दोघी जुन्या मैत्रिणींनी मिळून गल्लीत एक गाळा घेतला होता, तिथे तिसरं टेबल मावत होतं. निरोपाच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना जमवलं आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. "बाई आल्या तेव्हा त्यांना फोन उचलायलाही भीती वाटायची," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "आज बघा! आमच्याकडे राहून एवढ्या धीट झाल्या." काउंटरवरची बाई डोळे पुसत होती. फोनची भीती बाईंना जन्मात कधी वाटली नव्हती. त्या उभ्या राहिल्या, सगळ्यांकडे बघितलं, आणि "येते" म्हणून निघाल्या. बसस्टॉपवर मात्र त्यांना रडू आलं. मॅडमचं रडणं खरं होतं हे त्यांना दिसलं होतं. आणि ते खरं असल्यामुळे सगळं आणखीच बिघडत होतं.

गाळ्यात काम मिळालं. सगळ्यात जास्त ठसे आले ते मोठ्या मॅडमकडूनच. आजूबाजूला बाईंसारखं काम करणारं कोणी नव्हतं हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याबाबतीत त्या कोत्या मनाच्या नव्हत्या. ठशाबरोबर छोटीशी चिठ्ठी यायची. पेशंटचं वय, दातांचा रंग, तारीख. बाई कवळी करून पाठवायच्या. सहा महिने असं कोरडं, निर्मळ चाललं. घरी नवरा म्हणाला, "आता तरी खूष?" बाई म्हणाल्या, "खूष नाही. पण घरी येताना बसमध्ये झोप लागते." नवऱ्याने पाहुण्यांना सांगितलं, "आमची बायको आता स्वतःचा धंदा करते, वाटलं नव्हतं कधी!" बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो लगेच म्हणाला, "म्हणजे मला वाटलं नव्हतं. मूर्ख मी." पाहुण्यांना काही कळलं नाही.

सातव्या महिन्यात एका ठशाबरोबरची चिठ्ठी जरा लांब होती. वय, रंग, तारीख, आणि खाली मॅडमच्या वळणदार अक्षरात: 'मागची कवळी अप्रतिम. एवढ्याशा जागेत, कसली सोय नसताना तुम्ही हे करता, खरंच धन्य आहे!'

बाईंनी ती वाचली आणि टाळूपर्यंत गरम झाल्या. गाळा एवढासा नव्हता. सोयी सगळ्या होत्या. घासायचं यंत्र तर दवाखान्यातल्यापेक्षा नवीन होतं. त्यांनी चिठ्ठी चुरगाळली, मग परत उलगडून टेबलावर सरळ केली. मैत्रीण पलीकडून म्हणाली, "काय गं?" बाईंनी ठसा उचलला, उजेडात धरला आणि सवयीने चारही बाजू तपासल्या. मागे डाव्या बाजूला माप नीट उतरलं नव्हतं. ठशाचं साहित्य तिथपर्यंत पोचायच्या आत ठसा घ्यायची थाळी तोंडातून काढून घेतलेली. घाईत मॅडम असं करायच्या. दवाखान्यात असताना बाई न बोलता ते प्लास्टरमध्ये सावरून घ्यायच्या, एकोणीस वर्षं.

त्यांनी पेन घेतलं. बसमध्ये जुळवलेली सगळी फर्मास उत्तरं एकदम आठवली, एकाहून एक झोंबरी. त्यातलं एक त्यांनी लिहायला घेतलंही: 'तुम्हीही या वयात…' एवढं लिहून थांबल्या आणि खोडलं. चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं: 'जागा पुरेशी आहे. या ठशात डावी मागची बाजू उतरलेली नाही. यावर कवळी नीट बसणार नाही. ठसा पुन्हा घेऊन पाठवा.' खाली नाव, आणि नावापुढे कोर्सची पदवी. ठसा डब्यात ठेवून परत पाठवून दिला.

चार दिवस काही आलं नाही. मैत्रिणी म्हणाल्या, गेलं काम. बाईंनाही तसंच वाटलं, आणि त्या चार दिवसांत त्यांनी घरी-दारी सगळ्यांशी कुरकुर केली. पाचव्या दिवशी डबा आला. आत नवा ठसा होता, चारही बाजू लख्ख उतरलेल्या. चिठ्ठीवर वय, रंग, तारीख. खाली काही लिहून खोडलेलं होतं, इतकं गिरवून गिरवून की शाई कागदाच्या पलीकडे उतरली होती.

बाईंनी चिठ्ठी उजेडाला धरून ते वाचता येतं का पाहिलं. येत नव्हतं. मग त्यांनी प्लास्टर कालवायला घेतलं, कारण एकदा पाणी घातलं की ते घट्ट व्हायचं थांबत नाही.